ज्युबिली मानकऱ्यांच्या फलकावरून माझे नाव काढून टाकण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
करंजघाट शिक्षण प्रसारक मंडळ
(व्हिक्टोरिया ज्युबिली महाविद्यालय, स्थापना १८८७),
करंजघाट, महाराष्ट्र.

अर्जदार : निशिकांत गजराबाई उबाळे, बुकित तिमाह, सिंगापूर.

विषय : 'ज्युबिली मानकरी' फलकावरील क्रमांक ४३ चे नाव काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) आपल्या गौरव कक्षाचे दि. २७ ऑक्टोबर २०२५ चे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी आपल्या महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी (अकरावी-बारावी शास्त्र, १९८७ ते १९८९) असून व्यवसायाने मरीन इंजिनीअर आहे. एकवीस वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढल्यानंतर गेली अकरा वर्षे सिंगापूर येथे एका जहाज कंपनीत तांत्रिक अधीक्षक म्हणून काम पाहतो. आपल्या मुख्य सभागृहातील संगमरवरी फलकावर त्रेचाळिसाव्या क्रमांकावर जे नाव कोरले आहे, ते माझे. ते काढून टाकावे एवढीच मागणी आहे. मागणी एका ओळीची असली तरी कारण एका ओळीत मावत नाही, म्हणून पुढील मजकूर. कृपया हा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' गौरव कक्षाकडे पाठवू नये. मागील चारही अर्ज तिकडेच गेले. हा आपण स्वतः वाचावा.

२. आपल्या वनस्पतिशास्त्र विभागात १९७९ ते २००९ अशी तीस वर्षे परिचर म्हणून काम केलेल्या श्रीमती गजराबाई दगडू उबाळे या माझ्या आई. काचसामान धुणे, सूक्ष्मदर्शक पुसणे, प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी ओढ्यावरून शेवाळ आणून ठेवणे, सहलीहून आलेल्या वनस्पती कागदात दाबून वाळवणे ही तिची कामे. मी अकरावीला प्रवेश घेतला त्या दिवशी तिने मला दारातच बजावले होते, "कॉलेजात मला आई म्हणायचं न्हाई. पोरं हसतील तुला. सगळी बाई म्हणत्यात, तूबी बाईच म्हण." मी दोन वर्षे म्हटले. "बाई, स्लाइड द्या." "बाई, इथलं पाणी पुसा." ती पुसत असे. ही बाब प्रस्तुत विषयाशी संबंधित नाही असे आपणास वाटेल. अनेक वर्षे मलाही तसेच वाटत होते.

३. वडील २०२१ मध्ये वारले. तेव्हापासून आई आमच्याकडे, लाँग टर्म व्हिजिट पासवर राहते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजव्या हाताची मूठ मात्र अद्याप वळत नाही. या वर्षी जानेवारीत आपले निमंत्रण आले. सिंगापुरात महाविद्यालयाचे तीसेक माजी विद्यार्थी असल्याने यंदाचा गौरव सोहळा येथेच घेण्याचे ठरले होते. सकाळी चहा घेताना मी पत्र मोठ्याने वाचले : "महाविद्यालयाचा लौकिक वाढविणाऱ्या माजी विद्यार्थ्यांचा व माजी सेवकांचा सन्मान. सहकुटुंब उपस्थित राहावे." 'सेवकांचा' हा शब्द आला तशी आईने हातातली बशी खाली ठेवली.

"सेवक म्हंजे आमच्यासारखीबी?" तिने विचारले.

पत्राकडे पुन्हा न पाहता मी म्हणालो, "असतीलच की."

महोदय, या प्रकरणातील पहिली चूक आपल्या कार्यालयाची नसून माझी आहे, हे येथेच नमूद करून ठेवतो.

४. त्यानंतरचे तीन आठवडे आईने तयारीत घालवले. लिटिल इंडियातल्या एका शिंप्याकडून नवा ब्लाउज शिवून घेतला. तो एका खेपेत बसला नाही, म्हणून ती पुन्हा एकदा बसने जाऊन आली. आपल्याला दोन शब्द बोलायला सांगतील, अशी तिची खात्री होती. माझी मुलगी श्रिया सोळा वर्षांची आहे. तिला समोर बसवून आई रोज संध्याकाळी म्हणून दाखवी : "मी गजराबाई. वनस्पतीच्या लॅबमधी तीस वर्सं व्हते. माझ्या हातनं एकबी काच फुटली न्हाई." श्रिया तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणे, "आजी, टू फास्ट लाह! परत." की आई पुन्हा सुरुवात करी. माझी पत्नी रुचिरा हिने मला दोनदा सांगितले, "तिचं नाव यादीत आहे का, ते एकदा विचारून घ्या. नसेल तर आत्ताच सांगा तिला." मी "बघू" म्हणालो. जहाजावरच्या कोणत्याही व्हॉल्व्हबाबत मी 'बघू' असे कधी म्हटलेले नाही.

५. रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सेरंगून रोडलगतच्या एका हॉटेलच्या सभागृहात सोहळा झाला. व्यासपीठावर बारा मानकऱ्यांच्या बारा खुर्च्या होत्या. आई, रुचिरा व श्रिया तिसऱ्या रांगेत बसल्या. कार्यक्रम सुरू होण्यास पाचेक मिनिटे असताना प्राचार्य डॉ. प्रबोध मिरीकर यांची नजर आईकडे गेली. डॉ. मिरीकर १९९६ साली व्याख्याते म्हणून रुजू झाले तेव्हापासून आईच्या निवृत्तीपर्यंत दोघे एकाच इमारतीत होते. ते हात पसरून तिच्याकडे गेले.

"अहो गजराबाई! तुम्ही इथं? देवासारख्या भेटलात!"

आई उभी राहिली. तिने नमस्कार केला. तिला बोलावणे आले, असेच तिला वाटले असावे. डोळे भरून आलेले मी व्यासपीठावरून पाहिले.

"जरा येता का पुढं?" प्राचार्य म्हणाले. "इथल्या हॉटेलच्या पोरांना काही समजत नाही हो, शाल आधी की नारळ आधी. तुम्हाला सवय आहे. जरा तेवढं ताट धरा."

आईने एकदा माझ्याकडे पाहिले. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत असल्यासारखे केले. तिने आपली पर्स श्रियाच्या मांडीवर ठेवली, पदर खोचला आणि पुढे गेली.

६. ताटात शाल, श्रीफळ व काचेच्या चौकटीतले स्मृतिचिन्ह असे. एकंदर वजन कमी नव्हते. आईने ते डाव्या तळव्यावर तोलले व खालून उजव्या कोपराचा आधार दिला, कारण तिकडची बोटे धरत नाहीत. एकेका मानकऱ्याचा सत्कार होत गेला. ताट रिकामे झाले की ती मागच्या टेबलाकडे जाई व नवे भरून आणी. मी सातवा होतो. निवेदिकेने 'सातासमुद्रांपार महाविद्यालयाचा झेंडा रोवणारे सागरी अभियंते' अशी माझी ओळख करून दिली. ताट माझ्यासमोर आले तेव्हा ते एका बाजूला कलले होते. "ही माझी आई आहे" हे चार शब्द होते. माझ्यासमोर ध्वनिक्षेपकही होता. मी मान पुढे केली व शाल घेतली.

माझ्या हातात नारळ आला तेव्हा आई मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "दोन्ही हातानं धर. घरंगळतोय."

टाळ्या झाल्या. त्या क्षणाचे छायाचित्र आपल्या वार्षिक अंकात पान ९ वर आहे. त्यात डॉ. मिरीकर आहेत, मी आहे आणि डाव्या कडेला एक कोपर आहे.

आभारप्रदर्शनात ध्वनिव्यवस्था, हॉटेलचा सेवकवर्ग 'आणि ताट धरणाऱ्या मावशी' यांचे आभार मानण्यात आले. जेवणाच्या वेळी सगळी पाने होईपर्यंत आई भिंतीशी उभी राहिली. तसे तिला कोणी सांगितले नव्हते, याची मी प्रामाणिकपणे नोंद करतो. 'बसा' असेही कोणी सांगितले नाही. त्या 'कोणी'मध्ये मी आहे.

७. परतताना टॅक्सीत श्रिया मला म्हणाली, "बाबा, व्हाय यू नेव्हर से एनीथिंग? शी इज युअर मदर, व्हॉट." तिला उत्तर देण्याइतके इंग्रजी मला येते. मराठीही येते. आईच म्हणाली, "गप गं. चांगला झाला कार्यक्रम." घरी आल्यावर ब्लाउजचे हूक काढायला तिला रुचिराची मदत लागते. रुचिराने मला नंतर सांगितले की, पाठमोरी बसल्या बसल्या आई तिला एवढेच म्हणाली, "ते म्हणायचं ऱ्हायलंच."

८. येथवरचा मजकूर हा मी व माझी आई यांच्यामधला आहे, आपल्या कार्यालयाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण म्हणू शकता. पुढील मजकुराशी मात्र आहे. बाराही मानकऱ्यांना दिलेले स्मृतिचिन्ह म्हणजे आपल्या वनस्पतिसंग्रहातील एका शीटवरच्या लेबलची मोठी केलेली प्रत. आमच्या डोंगरात ज्याला खरपुडी म्हणतात त्या वेलाचे ते लेबल. रोमन लिपीतली टपोरी, एकसारखी अक्षरे आहेत. खाली सोनेरी पट्टीवर लिहिले आहे : 'संग्रहाचे जनक कै. प्रा. पद्माकर हुपरीकर यांच्या हस्ताक्षरात'. सोहळ्यानंतर तीन दिवसांनी श्रिया ती चौकट भिंतीला लावत होती. आई सोफ्यावर बसून बघत होती. चष्मा आत राहिला होता.

"ही माझी अक्षरं हायती," ती म्हणाली.

मी हसून म्हणालो, "आई, ते इंग्रजी आहे. हुपरीकर सरांचं अक्षर आहे ते."

"सरांचं अक्षर कोंबडीच्या पायावानी व्हतं. त्यांचं त्यांनाबी लागायचं न्हाई. ते पाटीवर एकेक अक्षर सुटं काढून द्यायचे, मी त्यावरनं लेबलं लिहायची. इंग्रजी वाचता कुठं येतंय मला? मी नुसती काढायची, रांगोळी काढल्यासारखी." मग ती श्रियाला म्हणाली, "खाली तारीख बघ. एकतीस जून पडलंय. सर लई रागावले व्हते. पण चिकटवून झालं व्हतं, म्हणून ऱ्हाऊ दिलं."

श्रियाने वाकून वाचले. तारीख ३१ जून १९८४ अशीच आहे.

९. महोदय, जून महिन्याला तीस दिवस असतात. हे लेबल गौरव समितीच्या सात सदस्यांनी निवडले, छापून घेतले, बारा काचांत बसवले आणि विमानाने सिंगापूरला आणले. त्यातल्या एकाच्याही ध्यानात न आलेली चूक, चौथी शिकलेल्या बाईच्या मनात एक्केचाळीस वर्षे बोचत होती. तिला मी त्या दिवशी प्रथमच खोदून विचारले. संग्रहातील हजाराहून अधिक लेबले तिची आहेत. १९८८ नंतर हुपरीकर सरांचे गुडघे गेले, त्यामुळे कड्यावरच्या वनस्पती ती एकटी काढून आणत असे. लेबलवर 'संग्राहक' या शब्दापुढे ती सरांचे नाव काढी, कारण पाटीवर तेच दिलेले असे. "माझं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, ते कुणी काढून दिलं न्हाई," असे ती म्हणाली. तक्रार म्हणून म्हणाली नाही. मी विचारले म्हणून सांगितले.

१०. यानंतर मी आपल्याकडे अर्ज करू लागलो. त्यांचा तपशील आपल्या दप्तरी आहे, परंतु तो एका ठिकाणी वाचला जावा म्हणून येथे देतो.

पहिला अर्ज ३ मार्चचा. स्मृतिचिन्हावरील मजकूर दुरुस्त करावा व श्रीमती गजराबाई उबाळे यांचा समावेश सन्मानित सेवकांत करावा, अशी विनंती केली. उत्तर आले की, निमंत्रणातील 'सेवक' या संज्ञेत फक्त अध्यापक अंतर्भूत आहेत.

दुसरा अर्ज एप्रिलचा. मी लिहिले की, निदान दुरुस्ती तरी करावी. उत्तर आले की, सदर व्यक्ती विभागात कार्यरत होती याचा पुरावा आढळत नाही. हजेरीपटावर तीस वर्षे 'बाई (वनस्पती)' अशी नोंद असून गजराबाई नावाची नोंद नाही. सबब 'बाई (वनस्पती)' व 'गजराबाई दगडू उबाळे' या दोन्ही एकच व्यक्ती असल्याचे शपथपत्र सादर करावे. मी ते नोटरीपुढे करून घेतले. सहीच्या जागी डावा अंगठा उमटवण्यापूर्वी आईने विचारले, "काय लिवलंय?" मी सांगितले, "बाई म्हणजे तूच, असं." ती म्हणाली, "मग त्यात शपथ कसली?"

तिसऱ्या अर्जासोबत शपथपत्र पाठवले, तेव्हा आपल्या कक्षाने तिच्या हस्ताक्षराचा नमुना मागितला. तो सेवाकाळातील व तत्कालीन विभागप्रमुखांनी साक्षांकित केलेला असावा, अशी अट होती. तत्कालीन विभागप्रमुख म्हणजे हुपरीकर सर. ते २०११ मध्ये वारले, हे आपल्याच चौकटीतल्या 'कै.'वरून दिसते. मी तसे कळवल्यावर 'ताजा नमुनाही चालेल' अशी सवलत देण्यात आली. उजवा हात चालत नाही याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र मी सोबत जोडले होते. ते कोणी पाहिलेले दिसत नाही.

आईने मात्र नमुना द्यायचे मनावर घेतले. अकरा दिवस ती जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हाताने लिहीत होती. श्रिया शाळेतून आली की तिच्या शेजारी बसे. अक्षरे तिरकी जात, खाली घसरत. 'मरू दे, आई, नको' असे मी म्हणालो तर ती म्हणाली, "मागितलंय न्हवं त्यांनी?" चौथ्या अर्जासोबत तो कागद मी पाठवला. उत्तर आले : 'सादर नमुना मूळ हस्ताक्षराशी जुळत नसल्याने दावा अमान्य करण्यात येत आहे.' हे उत्तर मी आईला वाचून दाखवले नाही. टपालात हरवले असेल, असे सांगितले. त्यानंतर सव्वा महिना ती रोज टपालपेटी बघायला लिफ्टने खाली जात होती.

११. सप्टेंबरमध्ये डॉ. मिरीकर यांनी मला फोन केला. त्यांचा स्वर आपुलकीचा होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

"निशिकांत, तुम्ही आमचे मानकरी," ते म्हणाले. "एवढ्याशा लेबलावरून कशाला मन कडू करून घेता? तुमच्या मातोश्री म्हणजे आम्हा सगळ्यांच्याच मातोश्री होत्या."

"मग त्यांना खुर्ची का दिली नाहीत, सर?"

"अहो, त्या आपणहून उठल्या. मी नुसतं 'जरा' म्हणालो होतो."

हे खरे आहे. ती आपणहून उठली. कोणी 'जरा' म्हटले की उठायचे, हीच तिची तीस वर्षांची नोकरी होती. मी हे म्हणायच्या आत ते पुढे म्हणाले, "आणि राग मानू नका, पण शाल तर तुम्हीही घेतलीत की."

महोदय, या साऱ्या पत्रव्यवहारात आपल्या बाजूने मला मिळालेले हे एकच खरे उत्तर. त्या रात्रीपासून मी माझी मागणी बदलली. आईचे नाव फलकावर घाला, असे मी आता म्हणत नाही. ज्या फलकावर चढायला मला तिच्या हातातल्या ताटावरून शाल उचलावी लागली, त्यावर माझे नाव नको.

१२. त्यानंतर संदर्भीय पत्र क्र. २ आले. त्यात कळवण्यात आले आहे की, नियामक मंडळाने शिक्षकेतर सेवकांच्या ऋणातून उतराई होण्यासाठी 'विशेष कृतज्ञता (मरणोत्तर)' असा नवा प्रवर्ग मंजूर केला आहे. श्रीमती गजराबाई यांचे नाव त्यासाठी 'तत्त्वतः स्वीकारण्यात आले असून, यथावकाश मृत्यूचा दाखला प्राप्त होताच पुढील कार्यवाही करण्यात येईल'. हस्ताक्षर, शपथपत्र, हजेरीपट यांपैकी कशाचीही आता आवश्यकता नाही. जिवंतपणी जी बाई कोण हे सिद्ध होत नव्हते, ती मेल्यावर बिनचौकशी ओळखली जाणार आहे. पत्राच्या शेवटी 'आपल्या मातोश्रींना उत्तम आरोग्य लाभो' अशी शुभेच्छाही आहे.

हे पत्र दडवायचे नाही, असे मी ठरवले. आधीचे दडवलेलेही त्याच दिवशी वाचून दाखवायचे ठरवले. रविवारी सकाळी आम्ही चौघे टेबलाशी बसलो होतो. मी सगळी पत्रे क्रमाने वाचली. 'जुळत नसल्याने' हे वाक्य आल्यावर आईने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. शेवटचे पत्र तिने दोनदा वाचायला लावले.

"म्हंजे मी मेल्यावर?" तिने विचारले.

"हो."

"आन् तवर?"

"तोवर काही नाही."

श्रिया रडू लागली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे न पाहता, खिडकीबाहेर बघत ती बोलली. कॉलेजबद्दल तिने तोंडातून कडू शब्द काढलेला मी शेचाळीस वर्षांत प्रथमच ऐकला. ती काय बोलली ते अर्जाच्या अखेरीस दिले आहे.

ते लिहून घेण्याआधी मला तिच्याशी बोलायचे होते. मी म्हणालो, "आई, त्या दिवशी मी उठायला हवं होतं." ती म्हणाली, "व्हय, हवं व्हतं." तिने 'असू दे' म्हटले नाही. 'तुझी काय चूक' असेही म्हटले नाही. आजतागायत म्हटलेले नाही. मी ते मागितलेलेही नाही.

१३. सबब आपणास विनंती की :

(अ) फलकावरील क्रमांक ४३ चे नाव काढून टाकावे. संगमरवरातून नाव निघत नाही असे कळवू नये. जहाजाच्या पोलादी अंगावरची नावे बदलताना मी अनेकदा पाहिली आहेत.

(आ) मला दिलेली शाल स्वतंत्र टपालाने परत पाठवली आहे, ती जमा करून घ्यावी. नारळ आईने दुसऱ्याच दिवशी फोडून घेऊन आमटीत घातला, त्यामुळे तो परत करता येत नाही. स्मृतिचिन्ह परत करणार नाही, कारण ते आपले नाही. त्यावरील सोनेरी पट्टी श्रियाने काढली असून तिथे आजीचे नाव मराठीत स्वतःच्या हाताने लिहून लावले आहे. तिला मराठी नीट लिहिता येत नाही. 'गजराबाई' मात्र शुद्ध लिहिले आहे.

(इ) श्रीमती गजराबाई उबाळे यांचे नाव मरणोत्तर प्रवर्गातून तात्काळ वगळावे व त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची वाट पाहण्याचे थांबवावे. त्या ठणठणीत आहेत. काल त्या श्रियाबरोबर बाजारात जाऊन मेथी निवडून घेऊन आल्या.

(ई) उपरोक्त (इ) बाबत त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, त्यांनी सांगितले तसे, एक अक्षरही न बदलता येथे सादर करतो. हे त्यांनी आपल्या कार्यालयाकडे केलेले पहिले व शेवटचे निवेदन समजावे :

"त्यांना लिव, बाई रजेवर हाय म्हणावं. तीस वर्सांत एक दिस मागून घेतली न्हाई, आता समदी एकदम घेते. मेल्यावर बी कामाला यायची न्हाई."

तरी सदर रजा कायमस्वरूपी मंजूर व्हावी.

कळावे. उत्तराची अपेक्षा नाही.

गजराबाई उबाळे यांचा मुलगा, आणि त्यानंतर आपला माजी विद्यार्थी,

(सही)
निशिकांत गजराबाई उबाळे
सिंगापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५